दहा तासांचा कायदा आणि दहा वर्षांचा ट्रक

सार्वजनिक रस्त्यावर उभी केलेली परक्याची गाडी तिच्या धन्याच्या संमतीवाचून उचलून नेण्याचा अधिकार सरकारी अंमलदाराला नेमका केव्हा पोहोचतो, हा प्रश्न ज्याची गाडी उचलली गेली त्याला आणि ज्याची वाट अडली त्याला सारख्याच निकडीचा असला, तरी त्या दोघांची उत्तरे सहसा जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत याचा थोडाबहुत उलगडा आम्हांस झाला तो डिचोलीच्या एका ओसरीवर, बुधवारच्या बाजाराच्या दिवशी, दोन जाणत्या माणसांच्या वादात केवळ श्रोता म्हणून बसण्याचा योग आला तेव्हा. त्यांतले एक गोमंतकाच्या महसूल खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले मामलेदार. दुसरे पेडण्याचे वकील, वयाने बरेच धाकटे, पण पेडणे, म्हापसा आणि डिचोली अशा तिन्ही ठिकाणच्या कोर्टांच्या पायऱ्या झिजवलेले. मामलेदारांना सारे गाव ‘भाई’ म्हणते म्हणून वकीलही तसेच म्हणत. भाई त्यांना ‘वकीलबाब’ म्हणत, आणि त्या संबोधनात कौतुक किती व थट्टा किती हे प्रसंगावरून ओळखावे लागे.

त्या दिवशी वकिलांना यावयास उशीर झाला होता. म्हापशाहून अस्नोड्यामार्गे येणारी त्यांची बस एका अरुंद वळणावर अडकली होती. कारण वळणाच्या एका अंगाला खाणीवरचा जुना ट्रक, टायरांतली हवा केव्हाच जाऊन लोखंडी चकत्यांवर टेकलेला, आणि त्याच्या अगदी समोर दुसऱ्या अंगाला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची मोटार, जिचा त्या दिवसापुरता धनी असलेला पर्यटक हाकेच्या अंतरात कोठे दिसेना. चालकाने भोंगा वाजवून पाहिला, वाहकाने शेजारच्या दोन घरांतून चौकशी केली, आणि अखेर सहासात उतारूंनी खाली उतरून त्या मोटारीची मागची बाजू हातांनी उचलून उचलून हातभर कुंपणाकडे सरकवली. आपला काळा कोट बसच्या आसनावर ठेवून त्या उतारूंत वकीलही सामील झाले होते.

ही हकीकत ऐकताच भाई सुपारी कातरता कातरता थांबले. “म्हणजे वकीलबाब, गणवेषातल्या पोलीस अधिकाऱ्याचा हुकूम नसताना तुम्ही दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावलात, आणि तोही काळ्या कोटाला बसमध्ये बसवून. उद्या तुमच्या अशिलाची स्कूटर कोणी उचलली तर कोणत्या तोंडाने कोर्टात उभे राहाल?”

“याच तोंडाने,” वकील म्हणाले. “आम्ही ती हलवली, नेली नाही. वाट मोकळी होण्यापुरती गाडी हातभर सरकवणे वेगळे, आणि ती दोन मैलांवरच्या ठाण्यात नेऊन पैसे भरीपर्यंत अडकवून ठेवणे वेगळे. हा भेद तुम्ही मान्य केलात, तर माझे निम्मे काम झाले.”

“मी काहीच मान्य करीत नाही,” भाई म्हणाले. “आधी कायदा काय म्हणतो ते सांगा.”

वकिलांनी सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण पुढचा सारा वाद त्यावरच फिरला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये तीन पोटकलमे आहेत. एखादे वाहन सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून अधिक वेळ टाकून दिलेले अथवा बिनराखणीचे सोडलेले असेल, किंवा जेथे वाहन उभे करण्यास कायद्याने मज्जाव आहे अशा जागी उभे केलेले असेल, तर ते ओढून नेण्यास, अथवा चाकाला जॅमर लावून जागीच जखडण्यास, त्या हद्दीचा अधिकार असलेला गणवेषधारी पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो, हे पहिले. टाकून दिलेले, मोडलेले, जळालेले किंवा सुटे भाग काढून नेलेले वाहन जागच्या जागी रहदारीस धोका वा अटकाव करीत असेल, तर ते तत्काळ हलवता येते आणि तेथे दहा तासांची वाट पाहावी लागत नाही, हे दुसरे. आणि अशा रीतीने हलवलेल्या वाहनाचा ओढणावळीचा सर्व खर्च, अन्य दंड असेल तो वेगळा, मालकाच्या शिरी, हे तिसरे.

“आता यात पाहा,” वकील पुढे म्हणाले, “पहिल्या पोटकलमाला दोन दारे आहेत: एक काळाचे, दुसरे जागेचे. दहा तास झाले नसतील तर पोलिसाला जागेच्या दारानेच आत यावे लागते. म्हणजे ती जागा मज्जावाची आहे हे त्याने दाखवले पाहिजे. नुसते ‘मला अडचण वाटली’ म्हणून भागत नाही.”

भाईंनी याला जे उत्तर दिले ते आम्हांस त्या दिवसातले सर्वांत धारदार वाटले. ते म्हणाले, “याच कायद्याचे कलम १२२ तुम्ही सोयीने विसरता. इतरांस धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल, किंवा होण्याचा संभव आहे, अशा स्थितीत गाडी सार्वजनिक जागी ठेवू नये, असे ते स्पष्ट सांगते. मग जेथे गाडी उभी केल्याने रस्ता बंद होतो ती जागा कायद्याने मज्जाव केलेली नव्हे काय? तेथे वेगळी पाटी कशाला हवी? वाहने चालवण्याबाबतचे २०१७ चे विनियम घ्या. पदपथावर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यावर, चौकाच्या तोंडाशी, बसथांब्यापाशी, दुसऱ्या उभ्या गाडीला लागून दुहेरी रांगेत गाडी उभी करू नये, हे तेथे सरसकट सांगितले आहे. त्या जागांना रंगवलेल्या पत्र्याची गरज नाही.”

“विनियमांपुरते मान्य,” वकील म्हणाले. “चौकाच्या तोंडाशी लावलेली गाडी उचलली तर मी वकीलपत्र घेणार नाही. पण कलम १२२ जागेविषयी बोलत नाही, गाडी ठेवण्याच्या रीतीविषयी बोलते. आणि त्याचा भंग केला तर दंड आहे, गाडी नेण्याचा अधिकार त्या कलमात नाही. दंड कलम १७७ चा, पहिल्या खेपेस ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास १५०० पर्यंत. रहदारीचा ओघ अडवल्याबद्दल कलम २०१ चा, ५०० रुपये. न्यायसंहितेच्या कलम २८५ खाली तर ५००० रुपयांपर्यंत, जेथे जुन्या दंडविधानात तोच अपराध २०० रुपयांत मिटत असे. दंड करावयास कायद्याने इतकी शस्त्रे दिली असताना गाडी नेणे हेही एक शिक्षेचेच हत्यार समजू लागलात, तर रस्ता बाजूला राहतो आणि वसुली पुढे येते. कलम १२७ हे रस्त्याच्या रक्षणासाठी आहे, गुन्हेगाराला अद्दल घडवण्यासाठी नव्हे.”

येथे आमचे मत विचाराल तर, कायद्याच्या शब्दांवरून भाईंचा अर्थ अगदीच टाकाऊ ठरत नाही. परंतु तो स्वीकारला तर अडथळा झाला की नाही याचा निवाडा क्रेनपाशी उभ्या असलेल्या शिपायाच्या मर्जीवर जातो, आणि मर्जीवर चालणाऱ्या अधिकाराचा अनुभव आपल्या लोकांस पुष्कळ आहे. असो.

वाद पाट्यांवर आला. गोव्यात एखादा रस्ता वाहने उभी करण्यास बंद करावयाचा झाला, तर तो हुकूम जिल्हा दंडाधिकारी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ व ११७ यांच्या आधारे काढतात, तो राजपत्रात येतो, आणि मग त्या जागी पाटी उभी राहते. पाटीचा आकार, रंग, चिन्ह हे सगळे कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले असते. वकिलांचा शिरस्ता असा की, अशिलाची स्कूटर उचलली गेल्याची तक्रार घेऊन कोणी आले की ते पहिल्याप्रथम त्या राजपत्राचा अंक मागतात.

“पेडण्याच्या बाजारात एकदा चालत जा,” ते म्हणाले. “दर चौथ्या दुकानाच्या फळीवर तुम्हांला ‘नो पार्किंग’ आढळेल. कोणी तांबड्या रंगाने लिहिलेले, कोणी ‘चाकाची हवा काढण्यात येईल’ अशी धमकी जोडलेली, एका ठिकाणी तर कुंडीत रोवलेल्या काठीवर पुठ्ठा. यांतले एकही अक्षर कायद्याचे नव्हे. घराच्या किंवा दुकानाच्या प्रवेशद्वारावरच गाडी लावली तर गोष्ट निराळी. पण दुकानासमोरचा सगळा रस्ता हा दुकानदाराच्या सातबाऱ्यात येत नाही. ग्रामसभेत ठराव झाला म्हणूनही तो मज्जाव होत नाही. ठराव ही शिफारस, हुकूम दंडाधिकाऱ्याचा.”

“आपल्याकडे सातबारा नसतो वकीलबाब, एक-चौदा असतो,” भाईंनी मध्येच टोकले; पेडण्याचे असूनही वकील कायद्याचे शिक्षण महाराष्ट्रात घेऊन आले होते, आणि ही आठवण भाई त्यांना वरचेवर करून देत. “आणि राजपत्र वाचून कोणी बाजाराला येत नाही. माणूस येतो तेव्हा त्याला रस्ता दिसतो. तो रस्ता कसा आहे? पूर्वी गाडीवाट होती, दोन्ही बाजूंना चिऱ्याची गडगी, त्यांना लागून घरे. तो रुंद होणार नाही, कारण रुंद करावयास कोणी अंगण सोडणार नाही. अशा रस्त्यावर एक गाडी उभी राहिली की कदंबची बस अडते, बस अडली की शाळेची पोरे अडतात. हे समजावयास राजपत्र कशाला लागते?”

“समजावयास लागत नाही, उचलावयास लागते.”

भाई यावर क्षणभर गप्प राहिले व मग म्हणाले, “बरे. मग पुनवेला काय करता?”

पेडण्याची पुनव ज्यांनी पाहिली नाही त्यांना या प्रश्नाचा रोख कळणार नाही. कोजागिरीला पेडण्यात रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात, भूतनाथ एका रात्रीत आपले देऊळ बांधून द्या म्हणून हट्टाला पेटतो, आणि त्याची समजूत काढण्याचा तो सोहळा पाहावयास गोव्यातूनच नव्हे, तर सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गाकडूनही लोक येतात. त्या रात्री गावात शिरणाऱ्या वाहनांची गणती करण्यात अर्थ नाही. भगवतीच्या दाराशी दोन बाजूंस उभे असलेले ते दोन हत्ती सोडले, तर मुदतीवाचून तेथे उभे राहण्याचा परवाना कोणालाच देता येणार नाही.

“पुनवेची सोय कायद्यानेच केली आहे,” वकील म्हणाले. “कलम ११५ ला एक परंतुक आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त चालणार नसेल, तर राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही. परिस्थितीप्रमाणे स्थानिक प्रसिद्धी दिली की पुरे. म्हणजे दंडाधिकाऱ्याचा लेखी हुकूम हवा, आणि तो लोकांच्या कानावर व डोळ्यांसमोर आला पाहिजे. चार दिवस आधी ध्वनिक्षेपकावरून गावोगाव सांगा, वर्तमानपत्रात द्या, गावाच्या तिन्ही वाटांवर पाट्या लावा आणि गाड्या कोठे लावाव्या ते मैदानही दाखवा. एवढे केल्यावर पुनवेच्या रात्री शंभर गाड्या उचला; मी टाळ्या वाजवीन. पण संध्याकाळी सात वाजता बांबू आडवा टाकायचा आणि साडेसातला क्रेन आणायची, याला मी कायदा म्हणणार नाही.”

भाईंचा स्वर येथे प्रथमच चढला. “तुम्ही साडेसातचे सांगता; मी पहाटेचे सांगतो. शिरगावला लईराईच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली, भाविक दगावले. ती माणसांची गर्दी होती, वाहनांची नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिचे खापर मी कोणा गाडीवाल्यावर फोडीत नाही. पण डिचोली तालुक्यातल्या अशा प्रत्येक जत्रेत, नव्याच्या सोमवारी, रुग्णवाहिका ज्या एका वाटेने यावयाची ती वाट मोकळी ठेवणे हे ज्याच्या अंगावर असते, त्याला तुमचे परंतुक वाचावयास वेळ नसतो. तेथे आडवी आलेली गाडी त्याने हलवावी, आणि मग काय तो जाब द्यावा.”

“हलवावी,” वकील म्हणाले, “हे मी मघाशी स्वतः करून आलो आहे.”

या उत्तरावर भाई हसले, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. इतकेच की तो दुसऱ्या अंगाने धरला. गाडी हलवणारे हात कोणाचे, असे त्यांनी विचारले, आणि विचारून स्वतःच आपल्या विरुद्ध पक्षाला वाट करून दिली. कारण वकिलांपाशी या बाबतीत मुंबई-पुण्याचे दाखले तयार होते. मालाड येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये तान्ह्या मुलासह आई मागच्या आसनावर बसलेली असताना मोटार ओढली गेली आणि त्यावरून वाहतूक शाखेचा शिपाई निलंबित झाला. पुण्यास नाना पेठेत ऑगस्ट २०२१ मध्ये स्वार बसलेला असताना दुचाकी त्याच्यासह क्रेनने वर उचलली गेली. आणि बंगळूरमध्ये मक्तेदारांच्या माणसांविषयी तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारला ही उचलच थांबवावी लागली.

“प्रत्येक ठिकाणी गोची तीच,” वकील म्हणाले. “मक्तेदाराला गाडीमागे पैसे मिळतात, म्हणून जी गाडी सर्वांत जास्त अडथळा करते ती तो उचलत नाही, जी सर्वांत सोपी ती उचलतो. अवजड टेम्पो राहतो तेथेच, आणि कडेला नीट लावलेली स्कूटर दोन पोरे हातांनी वर चढवतात. कायद्याने अधिकार गणवेषातल्या अधिकाऱ्याला दिला आहे. आकडा लावणाऱ्या पोराला नव्हे. त्या अधिकाऱ्याने जागेवर उभे राहून, आधी चित्र घेऊन, वेळ टिपून, गाडीवर अगोदरच कोठे ओरखडे आहेत ते लिहून मग हुकूम द्यावा. आणि धन्याला कळवावे. नाहीतर तो बिचारा चोरीची फिर्याद द्यावयास ठाण्यावर जातो आणि तेथेच त्याला आपली गाडी दिसते.”

“आपल्या तालुक्यांत ती क्रेन त्या थाटाने अजून फिरत नाही,” भाई म्हणाले.

“अजून. पण पेडणे आता जुने पेडणे नाही, भाई. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत चालू झाला. हरमल, मोरजी, मांद्रे येथल्या माडांच्या वाटांवर भाड्याच्या गाड्यांची दुहेरी रांग लागते. आज ना उद्या कोणी तरी मक्ता घेईल. तो घेण्यापूर्वी शिस्त बसवा, एवढेच माझे मागणे.”

इतका वेळ भाई बचावाच्या बाजूस होते. आता त्यांनी अडकित्ता खाली ठेवला व म्हणाले, “तुमच्या बसच्या वाटेत त्या मोटारीसमोर आणखी एक वाहन होते. त्याच्याविषयी तुम्ही अवाक्षर काढले नाही.”

ट्रकाचा विषय डिचोलीत काढणे म्हणजे प्रत्येक घरातल्या दुखण्याचा विषय काढणे होय. खनिजाची वाहतूक जोरात होती त्या काळात येथल्या कित्येकांनी शेत सोडून, दागिने मोडून, बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले. १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ साली ती बंदी उठली, काही काळ चाके फिरली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द होऊन त्या वर्षीच्या मार्चात पुन्हा सारे थंडावले. पुढे लिलाव झाले, डिचोलीची खाण नव्या पट्ट्याने सुरू झाली. पण मधल्या वर्षांत जे ट्रक कडेला लागले त्यांतले पुष्कळ कडेलाच राहिले. त्या वळणावरचा ट्रक वकिलांनी जवळून पाहिला होता. हौद्यात पावसाचे पाणी साचून त्यात तांबडा गाळ बसलेला, दाराच्या फटीतून घाणेरीचे झुडूप बाहेर आलेले, मागच्या फळीवरचे देवीचे नाव अर्धे पुसलेले. आणि तरीही आरशाच्या दांड्याला गेल्या दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार.

“तो हारच माझा पुरावा,” वकील म्हणाले. “तो ट्रक टाकून दिलेला नाही. ज्याचा आहे तो समोरच्याच घरात राहतो. दरसाल त्याची पूजा करतो. धंदा गेला तो त्याच्या दोषाने गेला नाही. त्याचे एकमेव भांडवल तुम्ही भंगार म्हणून ओढून नेणार?”

“पाहा,” भाई म्हणाले, “बाजारातल्या स्कूटरसाठी तुम्हांला राजपत्राचा अंक हवा होता, परिशिष्टातला रंग हवा होता, घड्याळाचा काटा हवा होता. आणि ट्रक आला तेव्हा कायदा बाजूला ठेवून करुणा पुढे केलीत. कलम म्हणते १० तास. हा उभा आहे १० वर्षे. ‘टाकून दिलेले’ नसेल, पण ‘बिनराखणीचे’ तर आहे? सुटे भाग काढलेले आहे, वळणावर आहे. म्हणजे दुसरे पोटकलमही लागते. हार घातल्याने रस्ता रुंद होत नाही. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशात डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोव्यात डावीच राहू दिली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हद्दीत सारे डाव्या बाजूने चालत. लिस्बनच्या सरकारलादेखील रस्त्यापुढे नमते घ्यावे लागले. आणि तुम्ही आम्ही एका नादुरुस्त ट्रकापुढे रस्त्याला नमते घ्यावयास लावतो.”

“मग तुमच्या कारकिर्दीत तुम्ही का नाही हलवलात?”

“कारण नेणार कोठे?” भाई म्हणाले. “कलमात ‘ओढून न्यावे’ आहे, कोठे न्यावे ते नाही. कोणत्याही ठाण्याचे आवार पाहा. अपघातातल्या, चोरीच्या, दारूच्या वाहतुकीत धरलेल्या गाड्या एकमेकींवर चढून कुजत पडलेल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात २००२ सालीच सांगितले की जप्त वाहने ठाण्यावर सडवू नका, चित्रे घ्या, पंचनामा करा, जामीनकतबा घेऊन सोडून द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर कोर्टापुढे आलेल्या मालाची यादी करावयास १४ दिवस आणि निकाल लावावयास ३० दिवस अशी मुदतच घातली आहे. तरी आवार रिकामे होत नाही. त्यात मी पन्नास ट्रक नेऊन टाकले असते, तर रस्त्यावरचा अडथळा ठाण्यात गेला असता, एवढेच.”

वकील पुढे सरसावून बसले. कारण त्यांच्या दृष्टीने हीच मर्माची जागा होती. एकदा गाडी सरकारच्या हाती गेली की तिची राखण कोणी करावयाची, याविषयी कलम १२७ मौन पाळते. खर्च धन्याचा, दंड धन्याचा, आणि वाटेत बंपर निखळला किंवा आवारातून बॅटरी गेली तर तेही नशीब धन्याचे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा आहे, असे ते म्हणाले, आणि त्यांनी १९६७ चा एक निवाडा सांगितला. जुनागढ संस्थानच्या जकात खात्याने एका व्यापाऱ्याचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली होती. ती वाहने उघड्यावर, कोणाच्याही राखणीविना पडून राहिली, आणि अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच बेवारस म्हणून विकली गेली. अपिलात व्यापारी जिंकला, पण परत द्यावयास वाहने उरली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जप्त माल सरकारपाशी ठेवीसारखा असतो, तो जपणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि न जपल्यास भरपाई द्यावी लागते.

“म्हणून मी म्हणतो, नेऊच नका,” वकील म्हणाले. “हलवा. कलम १२७ मध्ये गाडी खर्चाच्या वसुलीसाठी तारण म्हणून अडकवून ठेवा, असे शब्द माझ्या तरी वाचनात नाहीत. जी गाडी कागदपत्रांवाचून किंवा परवान्यावाचून चालवली, ती धरून ठेवण्यासाठी कलम २०७ वेगळे आहे. अडथळ्याची गाडी जवळच्या मोकळ्या जागी ठेवा, पावती करा, पैसे रीतसर वसूल करा.”

“ट्रकही?”

वकील थोडे अडखळले. “ट्रकही,” ते म्हणाले. “पण आधी त्याला नोटीस.”

“नोटीस मीच सांगतो कशी काढावयाची,” भाई म्हणाले, आणि त्यांच्यातला मामलेदार जागा झाला. आतून कागद आला. दोन अर्ज करावयाचे ठरले: एक पोलीस निरीक्षकांस कलम १२७ च्या दुसऱ्या पोटकलमान्वये, आणि एक उपविभागीय दंडाधिकाऱ्यांस, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, सार्वजनिक वाटेवरचा अडथळा दूर करण्याचा सशर्त हुकूम काढावा म्हणून, कारण त्या हुकुमात धन्याला येऊन आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते, आणि वकिलांना तेवढे हवे होते. वळणाची रुंदी मोजून लिहावी, असे भाई म्हणाले. दहा तासांचा पुरावा म्हणून टायरवर खडूची खूण करतात, ती आषाढात टिकत नाही, तेव्हा दोन दिवशीची दोन चित्रे जोडावी, हेही त्यांनीच सुचवले.

मग नोटीस कोणाच्या नावे, यावर पुन्हा वाजले. नोंदणीपुस्तकात बँकेचा बोजा असणार, तेव्हा बँकेलाही पक्षकार करा, असा भाईंचा आग्रह. वकिलांनी कायद्यातली मालकाची व्याख्या काढली: वाहन तारण असेल तर करारान्वये ज्याच्या ताब्यात ते आहे तोच मालक, बँक नव्हे. “म्हणजे क्रेनचे भाडेही त्यानेच भरावयाचे,” ते नाखुशीने म्हणाले.

“त्याचे अंगण वळणापासून किती लांब?” भाईंनी विचारले.

“असेल शंभर पावले. वाटेत चिऱ्याचे गडगे आहे, ते दोन हात पाडावे लागेल.”

“मग अर्जातच लिहा, ट्रक ठाण्यावर न नेता मालकाच्या अंगणात नेऊन ठेवावा, आणि गडगे पुन्हा बांधण्याचा खर्च क्रेनच्या खर्चात धरू नये.”

“तो कोणाकडून घ्यावयाचा?”

“ते पंचायतीला विचारू,” भाई म्हणाले, आणि तिसरा अर्ज लिहावयास घेतला.